जांबीची दलदल आणि पिडोसिप्रिस: 'अर्ध्या तासाची वाट' ही शुद्ध थाप आहे

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या जांबीला जाऊन पिडोसिप्रिस प्रोजेनेटिका हा इवलासा मासा पाहायचा असेल, तर होडी ठरवून देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आम्हाला सांगितलं होतं, होडी थेट जंगलाला लागते, पुढे अर्धा तास सपाट वाट. होडी कालव्याच्या तोंडाशीच थांबली. पाणी कमी आहे म्हणे! वर इंधनाचे पैसे वेगळे. घासाघीस सुरू केली तर परत न्यायला येणार नाही अशी धमकी. इंधन, थांबण्याचा वेळ, परतीची फेरी सगळं कागदावर लिहून घ्या आणि निम्मे रुपिया परतल्यावरच द्या.

आता ती वाट. पीटच्या दलदलीत जमीन म्हणून काही नसतेच. हजारो वर्षं नीट न कुजता साचलेला पाला आणि लाकूड, तेही कित्येक मीटर खोल. मुळावर पाय पडला तर ठीक, दोन मुळांमध्ये पडला की मांडीपर्यंत आत. आधाराला हात टाकावा तर केवड्याच्या जातीचं काटेरी पान हातात. नाकी नऊ आले. गमबूट अजिबात नकोत, चिखल ते पायातून ओढून घेतो. घट्ट नाडीचे कापडी बूट, जळवा न चढू देणारे मोजे आणि छातीएवढी काठी न्या.

मासा ओढ्याच्या मधोमध शोधू नका. काठाखाली, मुळांच्या सावलीत, पाला साचलेल्या संथ पाण्यात बघा. पाणी कोऱ्या चहासारखं, सामू (pH) ३ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी, विजेरी हवीच. अगदी बारीक जाळी आणि पारदर्शक डबी घ्या. वयात आलेली मादी ७.९ मिलिमीटरची सापडली आहे! २००६ साली या जातीचं वर्णन झालं तेव्हा हा जगातला सर्वांत छोटा पृष्ठवंशी प्राणी ठरला होता. २०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या एका बेडकाने तो मान पटकावला.

डबीत आधी दिसतात ते दोन काळे डोळे. मग त्यांच्यामागे आरपार अंग आहे हे कळतं. मेंदूवर कवटीच्या हाडांचं छप्परच नाही. नराच्या पोटाखालच्या परांवरचा गळासारखा आकडा पाहायला भिंग लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. आणि तरीही मी वेड्यासारखा ओरडलो.

नुसत्या हौसेपोटी जाऊ नका. माशांचं वेड असेल तर मात्र लांबणीवर टाकू नका, कारण पाम तेलाच्या लागवडीसाठी कालवे खणून ही दलदल आटवली जाते आहे. २०१५ सारख्या कोरड्या वर्षी पीट पेटतं आणि धुराने जीव नकोसा होतो. तशा बातम्या असतील तर बेत रद्द करा. डबीतलं पाणी तापायच्या आत मासा होता तिथेच सोडा. घरच्या टाकीत न्यायचा विचारही नको.

जांबी शहरातले दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.