चिमूटभर मल्का: थ्रिसूरच्या मोठ्या पळ्ळीत

केरळातल्या थ्रिसूरला उतरलो ते अद्दाई आणि मारी यांच्या नावाची एक फार जुनी ख्रिस्ती प्रार्थना ऐकायला. स्वराज राउंडपासून जवळच मार्थ मरियम वलिय पळ्ळी आहे, 1814 सालची. मल्याळममध्ये पळ्ळी म्हणजे चर्च, वलिय म्हणजे मोठं. असिरियन चर्च ऑफ द ईस्ट, म्हणजे जुन्या पर्शियाच्या बाजूने आलेली पूर्वेची ख्रिस्ती परंपरा, तिचं हे भारतातलं मुख्य ठिकाण. इथले लोक स्वतःला कल्दाय सुरियानी म्हणवतात.

येताना तिथी बघून या. या परंपरेत वेदीवरच्या मुख्य प्रार्थना तीन आहेत. आगमनकाळापासून (नाताळच्या आधीचे आठवडे) झावळ्यांच्या रविवारपर्यंत (ईस्टरच्या आधीचा रविवार) थिओडोर या जुन्या धर्मगुरूच्या नावाची चालते, नेस्टोरियसची वर्षातून फक्त पाच दिवस; नेस्टोरियस हा पाचव्या शतकातला, रोमने पाखंडी ठरवलेला धर्मगुरू. अद्दाई आणि मारी, म्हणजे परंपरेनुसार या भागात ख्रिस्ती धर्म नेणारे दोघे, यांच्या नावाची हवी असेल तर पुनरुत्थानाच्या सणापासून (ईस्टर) आगमनकाळ लागेपर्यंत कधीही या. डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांची नेमकी हीच चुकते.

उपासनेला म्हणतात कुर्बाना. आपल्या ओळखीच्या ‘कुर्बानी’चंच हे भावंड, मूळ अर्थ अर्पण. आधी स्तोत्रं, मग ‘लाखू मारा’ हे गीत, मग ‘कद्दिशा अलाहा’, मग वाचनं. भाषा बहुतेक मल्याळम, मधूनच सुरियानी, म्हणजे एदेस्साची अरामी. एदेस्सा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा. अद्दाई आणि मारीची प्रार्थना त्याच भागात घडली. अभ्यासक तिचा गाभा तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात, आणि इतकी जुनी प्रार्थना आजही वेदीवर चालू असणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

कान द्यायचा तो वेदीचा पडदा सरकल्यानंतर. पुरोहित वाकून हलक्या आवाजात जे म्हणतो त्याला ‘गहान्ता’ म्हणतात आणि शेवट मोठ्याने म्हणतो तो ‘कानोना’. मागे बसलात तर फक्त कानोना ऐकू येतो आणि प्रार्थना तुकड्यातुकड्यांची वाटते. म्हणून पुढे बसा. सुरुवात होते ती देवाच्या नावाच्या स्तुतीने: प्रत्येक मुखाने स्तुती करावी आणि प्रत्येक जिभेने आभार मानावेत असं ते नाव. पुढे ‘पवित्र, पवित्र’ होतं, आणि मग जिथे इतर बहुतेक चर्चमध्ये ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे शब्द येतात, तिथे ते येतच नाहीत. येतं ते एवढंच: तुझ्याकडून आलेला नमुना आम्हाला परंपरेने मिळाला आहे. त्यानंतर पवित्र आत्म्याने येऊन या अर्पणावर विसावावं अशी विनंती.

शब्द गळून पडले की मुळातच नव्हते, यावर खूप लिहिलं गेलं आहे. आम्हाला दुसरं म्हणणं पटतं. ‘दिदाखे’ या फार जुन्या ग्रंथातल्या भोजनप्रार्थनांतही ते शब्द नाहीत. इराकमधल्या मोसुलच्या मार एशाया चर्चमधली या प्रार्थनेची जुनी पोथी 1966 साली छापली गेली, तिच्यातही नाहीत. 2001 साली रोमनेसुद्धा या शब्दांशिवायची कुर्बाना ग्राह्य मानली.

आता भाकरीकडे बघा. ती खमीर घातलेली असते आणि तिच्या कणकेत चिमूटभर मल्का पडतो. मल्का म्हणजे राजा. येशूच्या शेवटच्या भोजनातली भाकरी त्याचा शिष्य योहान याने जपून ठेवली, तिची पूड प्रेषितांनी आपापसात वाटून घेतली, अशी त्यामागची श्रद्धा. दरवर्षी पवित्र गुरुवारी तो वाढवतात: दोन भाग बारीक गव्हाचं पीठ, एक भाग कुटलेलं मीठ, थोडं ऑलिव्ह तेल, पाण्याचे तीन थेंब, आणि त्यात जुना मल्का मिसळायचा. इतक्या मिठाचं आणि जवळजवळ कोरडं मिश्रण, म्हणून नासत नाही. मल्का नसेल तर कणीक कितीही छान फुगलेली असो, ती भाकरी वेदीवर चालत नाही.

तिथून चालत पुत्तन पळ्ळीला गेलो. ही सिरो-मलबार कॅथलिकांची, म्हणजे याच परंपरेतल्या पण रोमच्या पोपला मानणाऱ्यांची. प्रार्थना तीच, पण येशूचे शब्द घातलेले, आणि भाकरी बिनखमिराची.

या फरकाचं मोठं कारण एर्नाकुलमजवळ उदयंपेरूरला आहे. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस याने 20 ते 26 जून 1599 ला तिथे धर्मसभा भरवली. नेस्टोरियसचं नाव काढा, कुर्बानेचा मजकूर दुरुस्त करा, पोथ्या तपासायला द्या असे हुकूम निघाले. कितीतरी पोथ्या जाळल्या गेल्या. त्याआधी मलबारात कुर्बाना नेमकी कशी होत असे हे आज जुळवत बसावं लागतं ते त्यामुळेच, आणि हे नुकसान भरून येणारं नाही.

महाराष्ट्रातही या परंपरेचा माग लागतो. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. 1988 पासून सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांतही आहे. केरळला जाणं जमलं नाही तर मुंबई परिसरातल्या त्यांच्या एखाद्या पळ्ळीत रविवारी बसा, पडद्याजवळच्या बाकावर.