दोन खोल्यांचं घर आणि आईचा बारावा हिस्सा

मोठे मामा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर गुरुजींनी त्यांच्या जुन्या वहीतून आमच्या घराण्यातली पणजोबांपर्यंतची नावं वाचून दाखवली, कोण कधी आलं, कुणाचं काय कार्य केलं सगळं लिहिलेलं. आणि संध्याकाळी घरी मामी कपाट उघडून बसली तर मामांची खाती किती आणि कुठल्या बँकेत आहेत हे कुणालाच सांगता येईना. ते बघून मला फार कसंतरी झालं, तेव्हापासून मृत्युपत्राचा विषय डोक्यातून जातच नाही.

मामा काही श्रीमंत नव्हते हो. सातपूरला एका कंपनीत फिटर, सिडकोत स्वतः घेतलेलं दोन खोल्यांचं घर, एक बाईक, थोडी एफडी आणि पीएफ. आपल्याकडे मृत्युपत्र म्हटलं की लोकांना वाटतं बंगला, मळा, द्राक्षबागा असणाऱ्यांची भानगड, आपल्यासारख्यांचं काय आहे वाटायला. मला उलट वाटतं. ज्याच्याकडे चार फ्लॅट आहेत त्याचा एक अडकला तर बाकीच्या तिन्हींवर घर चालतं, पण जिचं सगळं त्या एका एफडीत आणि एका घरात आहे तिची एफडी सहा महिने अडकली तर मुलाची फी कुठून भरायची?

घराचं काय झालं ते नीट सांगते कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मामांनी विल म्हणजे मृत्युपत्र केलेलं नव्हतं, मग हिंदू वारसा कायदा 1956 लागतो. सगळ्यांना वाटलं घर आता मामीचं. तर नाही, त्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलं, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे मामी, दोन मुलं आणि आमची आजी, प्रत्येकी पाव. आजी म्हणायची मला काय करायचंय घर, पोरांचंच आहे ते, पण कागदावर कुणी काही केलंच नाही आणि अकरा महिन्यांनी आजीही गेली. मग तिच्या पाव हिश्श्याचे परत तीन भाग, एक माझ्या आईचा, एक धाकट्या मामांचा आणि एक मोठ्या मामांच्या दोन्ही मुलांचा मिळून. असा माझ्या आईचा त्या दोन खोल्यांत बारावा हिस्सा निघाला! आई तर रडायलाच लागली, म्हणे भावाच्या घरात मला हिस्सा नको. तिने आणि धाकट्या मामांनी हक्कसोडपत्र करून दिलं, पण धाकटे मामा नोकरीला बाहेरगावी, त्यांची सुट्टी, रजिस्टर ऑफिसच्या चकरा, वकिलांची फी, यात आठ महिने गेले. आमच्याकडे माणसं चांगली होती म्हणून निभावलं. नसती तर?

एफडीला नॉमिनी आजी होती, मामांच्या लग्नाआधीपासूनची, बदललीच नव्हती. बँकेने पैसे आजीला दिले आणि आजीने ते लगेच मामीच्या हातात ठेवले. पण हे लक्षात ठेवा, बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेतो, खरा हक्क वारसांचा किंवा विलमध्ये ज्याचं नाव आहे त्याचा. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, पण म्हणून विलची गरज संपत नाही. एक नातेवाईक तर म्हणत होते पिन माहितीये ना मग एटीएममधून काढून घ्या, मामीने ऐकलं नाही तेच बरं केलं, पुढे कुणी तक्रार केली असती तर तीच अडकली असती.

दोन गोष्टी मात्र अचानक सापडल्या. पासबुकात 436 रुपयांची एंट्री होती, ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची, त्याचे 2 लाख मिळाले. आणि पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळू शकतात, पगारातून त्याचं काही कापत नाहीत म्हणून स्लिपवर दिसतच नाही आणि घरी कुणाला माहीतच नसतं. धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या, रिक्षावाल्या काकांच्या पासबुकातही असेल ती 436 ची एंट्री, प्लीज बघायला सांगा त्यांना.

विल करायला खर्च जवळपास नाहीच. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही (पण केलेलं बरं, पुढे वाद कमी होतात). तुमची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि ज्यांना विलमधून काही मिळणार नाही असे. कधीही बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. दिंडोरी निफाडकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव चालू आहे का तेही बघा, वारस नोंद राहिलेली असते आणि कर्ज काढायच्या वेळी कळतं.

आम्ही दोघं इंदिरानगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, नावावर घर नाही, तरी दोघांनी विल केलं. मुख्य कारण मुलगी, ती सहा वर्षांची आहे. आम्हा दोघांना एकदम काही झालं तर ती कुणाकडे राहील हे विलमध्ये लिहिता येतं, हे लिहिताना माझा हात थरथरत होता खरंच, नवऱ्याने पेन घेतलं आणि ते वाक्य त्याने पूर्ण केलं. माझ्या बहिणीचं नाव आहे तिथे, तिला आधी विचारलं होतं.

मागच्या रविवारी आईनेही लिहिलं. तिच्याकडे सोन्याच्या दोन पाटल्या, पोस्टातले थोडे पैसे आणि येवल्याची एक पैठणी आहे. पाटल्या आम्हा दोघी बहिणींना आणि पैठणी मामांच्या मुलीला, तिच्या लग्नात नेसायला. साक्षीला शेजारच्या काकू आणि मेडिकलवाले दादा आले होते, चहा झाला, सह्या झाल्या. कागद देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये निळ्या फाईलमध्ये ठेवलाय आणि मामीलाही सांगून ठेवलंय कुठे आहे ते.