इन्शुलिन सुटतं का, हा पहिला प्रश्न नव्हे: आयलेट पेशीरोपणाचा माझा अनुभव

टाइप 1 मधुमेहावर आयलेट, म्हणजे दात्याच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, बसवून उपचार होतो हे कळलं की लोक आधी विचारतात, "मग इन्शुलिन सुटतं ना?" मी म्हणेन, आधी हे विचारा: त्या पेशी जगवायला प्रतिकारशक्ती दाबणारी कोणती औषधं रोज घ्यावी लागतील, आणि ती माझ्या शरीराला झेपतील का?

माझी साखर 50 च्या खाली गेली तरी घाम नाही, थरथर नाही, काहीच कळायचं नाही. रात्री साखर मोजणारा सेन्सर वाजत राहायचा आणि नवरा उठून साखर वाढवणारं ग्लुकागॉन द्यायचा. इन्शुलिनवर ज्यांचं नीट चालतं त्यांना आयलेट रोपण सहसा देत नाहीत. माझ्या बाबतीत असं बेशुद्ध होण्याचा धोका औषधांच्या धोक्यापेक्षा मोठा ठरला, म्हणून कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी माझं नाव पुढे घेतलं. डॉ. जेम्स शापिरो यांच्या चमूने 2000 साली स्टेरॉइडशिवाय सात जणांमध्ये केलेलं रोपण इथलंच. पुढे इथल्या 255 रुग्णांचा वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षाअखेर 61 टक्के लोक इन्शुलिनशिवाय होते, पाच वर्षांनी 32 टक्के. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच मी होकार दिला.

सगळ्यात लांबली ती तपासणी. मूत्रपिंड, डोळे, दात, मॅमोग्राम, कावीळ, राहिलेल्या लसी. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा पाहिलं. मग टीबी. मी सांगलीत वाढलेली. लहानपणी बीसीजी घेतलेली असली की कातडीवरची चाचणी फसवू शकते, म्हणून रक्ताची केली आणि ती पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, पण जंतू शरीरात झोपलेले होते, आणि प्रतिकारशक्ती दाबली की ते जागे होऊ शकतात. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध आधी पूर्ण करावं लागलं, कारण ते रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी पाडतं. यादीत नाव लागायला त्यामुळे उशीर झाला आणि तो काळ मला फार जड गेला. तरीही आपल्याकडून परदेशी आलेल्या कुणाचं रोपण ठरत असेल, तर त्याने ही चाचणी स्वतःहून मागावी, असं मला कळकळीने वाटतं.

संमतीपत्रातल्या एका ओळीवर मी बराच वेळ अडले. दात्याच्या पेशींविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली, तर पुढे कधी मूत्रपिंड बसवायची वेळ आल्यास जुळणारा दाता मिळणं कठीण होतं. मधुमेह्याला ही शक्यता लांबची वाटत नाही.

प्रत्यक्ष रोपण त्या मानाने सोपं गेलं. उजव्या बरगड्यांमधून सुई यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत नेतात आणि पिशवीतल्या पेशी सलाइनसारख्या हळूहळू सोडतात. रक्तस्राव होणे किंवा त्या शिरेत गुठळी होणे, हे दोन मुख्य धोके. म्हणून नंतर सोनोग्राफी करतात. मात्र यकृतात विखुरलेल्या पेशी परत काढता येत नाहीत.

माझं इन्शुलिन निम्म्याहून कमी झालं, पूर्ण सुटलेलं नाही. बेशुद्ध होणं थांबलं. मला हवं होतं ते हेच.

प्रयोगशाळेत मूळपेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या आयलेट्सच्या बातम्या आता येतात. झिमिसलेसेल या अशाच एका उपचाराच्या 2025 मध्ये आलेल्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या 12 पैकी 10 जण वर्षाअखेर इन्शुलिनशिवाय होते. पण त्याच चाचणीत एकाचा मृत्यू क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने झाला. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला गाठणारा हा संसर्ग. पेशी कुठल्याही असोत, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या त्याच. झिमिसलेसेलच्याच कंपनीने पेशी डबीत बंद करून गोळ्या टाळण्याचा प्रयत्न केला, तो 2025 मध्ये थांबवला, कारण पेशींमधून पुरेसं इन्शुलिन तयार होत नव्हतं. स्वीडनमध्ये उप्सालाला जनुकं बदललेल्या पेशी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत गोळ्यांशिवाय टिकल्या. माझं सगळं लक्ष तिकडे आहे, पण डोस अगदी लहान होता आणि त्याचं इन्शुलिन चालूच राहिलं.

कोल्हापूरच्या आतेबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला टाइप 1 आहे. एका क्लिनिकने स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, "गोळ्या नाहीत, धोका नाही." मी म्हटलं, "ताई, पेशी कुणाच्या, शरीरात कुठे जाणार, बिघडलं तर काढता येतील का, हे त्यांच्याकडून लिहून घे. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक माग. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मधुमेहासाठी हे फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं, पैसे घेऊन उपचार म्हणून नाही. आणि पेशी त्याच्या स्वतःच्या असल्या, तरी ज्या प्रतिकारशक्तीने त्याच्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्या ती गेलेली नाही." ते पैसे सेन्सर आणि पंपाला लाव, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.