अण्णा येऊन गेले

दुपारी कपाट आवरताना उटण्याच्या पुड्या सापडल्या. प्रत्येकीवर हात जोडलेला एक हसरा चेहरा, मागे आकाशकंदील, खाली पक्षाचं चिन्ह. एक-दोन चेहरे तेच, चिन्हं मात्र बदललेली. दिवाळीच्या आधी कार्यकर्ते या पुड्या दाराच्या कडीला अडकवून जातात. आमच्याकडे त्या कोणी फोडत नाही. भल्या पहाटे अंगाला नगरसेवक चोळायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. फेकवतही नाहीत. माणसाचं तोंड छापलेली वस्तू केरात टाकायला माझा हात धजत नाही. म्हणून साठतात.

माझ्या लहानपणी पुण्यात पेठेतल्या आमच्या वाड्यात नगरसेवक स्वतःच यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बोळाच्या तोंडाशी स्कूटर लावायची, ‘काय म्हणता काकू’ करत आत यायचं, सत्यनारायणाचा प्रसाद उभ्यानेच तोंडात टाकायचा आणि ‘अजून दोन ठिकाणी जायचंय’ म्हणत निघायचं. महापालिकेच्या सभागृहात ते कधी तोंड उघडतात का, हे वाड्यात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्यांची खरी हुकमत मयताच्या घरी. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा पहाटे गेले. त्यांचा मुलगा दारात नुसताच उभा. अण्णा आले. धीर वगैरे काही दिला नाही. डॉक्टरांचा दाखला मिळाला का, एवढं विचारलं. एकाला सामान आणायला पिटाळलं, दुसऱ्याला वैकुंठ स्मशानभूमीच्या पासासाठी. मुंबईहून मुलगी निघालीय म्हटल्यावर बर्फाच्या लाद्या मागवल्या. मग बायकांकडे वळून म्हणाले, ‘पाणी जाईल थोड्या वेळात, पिंपं भरून ठेवा.’ आम्ही पोरं जिन्यात गप्प बसलो होतो. त्यांनी एका कार्यकर्त्याच्या हातावर नोट ठेवली, ‘यांना चहा-खारी दे रे. सकाळपासून कोणाचं लक्ष नाही यांच्याकडे.’ दहाव्याला ओंकारेश्वरावरही हजर. कावळा शिवेना तेव्हा अण्णा असे अस्वस्थ झाले, की तोही वॉर्डातलाच एक रखडलेला प्रश्न असावा.

‘ही सगळी मतांची पेरणी,’ माझे काका म्हणायचे. असेल. काका स्वतः मात्र मयताच्या घरी चपला घालूनच उभे राहत, लवकर निघता यावं म्हणून.

2017 पासून आमच्या प्रभागाला चार नगरसेवक झाले. चौघांचे फलक, चौघांची कॅलेंडरं, संक्रांतीला चौघांकडची हळदीकुंकवं आणि प्लॅस्टिकचे डबे. बाकांवर नावं, विरंगुळा केंद्रावर नावं. ड्रेनेज तुंबलं की मात्र ते नेमकं चौथ्याच्या भागात यायचं.

14 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक पुढे पुढे जात राहिली, जवळजवळ चार वर्षं. सुरुवातीला बरंच वाटलं, फलक तरी कमी होतील. तेही झाले नाहीत म्हणा. पण लेटरहेडवर रहिवासी दाखला कोणाच्या सहीचा घ्यायचा, इथपासून पंचाईत सुरू झाली. पाण्याची तक्रार केली की मोबाइलवर क्रमांक यायचा. क्रमांकाशी भांडायचं कसं? शेजारच्या आजी तर अगदी अस्वस्थ. पूर्वी त्या सकाळी फिरायला निघाल्या की नगरसेवकाच्या दारात थांबून त्याला चार शब्द सुनवायच्या, तो ‘हो आजी, बघतो आजी’ करायचा आणि त्या घरी येऊन समाधानाने चहा प्यायच्या. पाणी काही फार वाढायचं नाही. आता आयुक्तांच्या दारात कसं जाणार? तिथे रखवालदार असतो.

15 जानेवारी 2026 ला एकदाचं मतदान झालं. आजी रिक्षा करून गेल्या, चार वेळा बटण दाबून आल्या. मीही दाबलं. आता चार जण आहेत. तिघांचे चेहरे फलकांवरून पाठ झालेत, चौथा अजून डोळ्यांसमोर येत नाही. कोणाकडे मयत झालं की कळेलच.