कोठून तुटला गा?

मासा सुटून गेला की तलावाच्या पाळीवर बसलेल्यांपैकी कोणी आधी "केवढा होता?" असं विचारत नाही. केवढा होता ते ज्याचा सुटला तो न विचारता सांगतोच, आणि त्यावर कोणाचा विश्वासही नसतो. पहिला प्रश्न असतो, "कोठून तुटला गा?" मग तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओढून घेतला जातो, त्याचं टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं जातं आणि पंचनामा सुरू होतो.

हा पंचनामा म्हणजे नुसता टाइमपास नव्हे. टोक खरंच बोलतं. डुकराच्या शेपटासारखं पिळदार वळलेलं असेल तर तंगूस तुटलेलाच नाही, गाठ सुटली आहे. शेवटचा वीतभर भाग बोटांना खरखरीत लागत असेल तर तो दगडावर नाही तर बुडालेल्या खोडावर घासत होता आणि घासता घासता गेला. गुळगुळीत, पण ताणून बारीक झालेलं टोक असेल तर जोर जास्त झाला. ज्याच्या हातात बांबू होता त्याने घाई केली. आणि तुटलेला तुकडा गरीपासून, म्हणजे गळापासून, लांब, मधूनच गेला असेल तर तिथे आधीच एक फुकटची गाठ पडलेली होती. तंगूस वाऱ्याने गुंतून पडलेली ती बारीक गाठ आपण पाहिली, "चालते" म्हणालो आणि सोडून दिली. साध्या एका गाठीने त्या जागी तंगुसाची ताकद जवळपास निम्मी होते. पाच किलोचा म्हणून विकत आणलेला तंगूस त्या क्षणी अडीच किलोचा असतो, आणि हे आपल्याआधी माशाला कळतं.

दहापैकी बऱ्याच पंचनाम्यांत आरोपी निघते ती गरीवरची गाठच. गंमत म्हणजे बाकी सगळ्या सामानावर पैसे जातात, गाठ तेवढी फुकट असते, म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही. खरं तर ती अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे. तंगुसाचं टोक गरीच्या डोळ्यातून ओवायचं, परत आणून मूळ तंगुसाभोवती पाच ते सहा वेढे द्यायचे. वेढ्यांच्या मुळाशी, डोळ्याला लागून एक छोटा फासा राहतो; टोक त्यातून काढायचं आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातूनही परत काढायचं. इथे थांबायचं आणि गाठीला थुंकी लावायची. थुंकी हा नवस नाही. कोरडा नायलॉन एकमेकांवर घासत आवळला की गरम होतो, आणि तेवढ्या उष्णतेनेही तिथे कमजोर पडतो. ओलावून, हळू, एका दमात आवळायचं. वेढे एकमेकांवर न चढता स्प्रिंगसारखे शेजारी शेजारी बसले तर गाठ पक्की. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर कापायची आणि नव्याने बांधायची, तिथे लोभ नको. टोक अगदी मुळापासून न कापता तीन-चार मिलिमीटर ठेवायचं. तोंडात तंबाखूचा खर्रा असला तरी गाठीला फरक पडत नाही. चाऱ्याच्या गोळ्याला पडतो, ते पुढे येईल.

आता पोरं विणलेला, ब्रेडेड दोरा घेऊन येतात. तो बारीक आणि भारी मजबूत, पण घसरडा. ही पाच वेढ्यांची गाठ त्यावर टिकत नाही. त्याला दोरा दुमडून दुहेरी ओवायचा, साधी गाठ सैल मारायची आणि फाशातून अख्खी गरी काढून घ्यायची, मग आवळायचं. ही गाठ इतकी सोपी आहे की शिकवायला लाज वाटते, आणि तरी तीच न शिकल्यामुळे महागडे दोरे बदनाम झाले.

तंगुसाचा दुसरा शत्रू ऊन. आठवडी बाजारात दुकानाच्या तोंडाशी खिळ्याला टांगलेली रिळं वर्षभर विदर्भाचं ऊन खातात. ती घेऊ नयेत, दुकानदाराकडून आतल्या डब्यातलं मागून घ्यावं. घरच्या तंगुसाचं वय कळण्याची खूण सोपी आहे: हातभर तुकडा दोन्ही मुठींना गुंडाळून, मध्ये एक साधी गाठ मारून झटका द्यायचा. चांगला तंगूस आधी ताणतो, मग बोटांत रुततो आणि मोठ्या मुश्किलीने तुटतो. म्हातारा तंगूस टक्कन जातो. रिळावर बसून बसून त्याला वेटोळं पडतं, ते काढायला पाण्यावर पोचल्यावर दोन हातांत धरून थोडा ताण द्यायचा. बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, बारक्या माशांना 0.20 ते 0.25 मिलिमीटरचा पुरतो, रोहू-कतल्याला 0.30 ते 0.35. त्याहून जाड घेणाऱ्याची भीती माशाला लागते असं म्हणतात. खरं कारण एवढंच की जाड तंगुसावर तरंगी (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि शिसं (वजन) दोन्ही मोठं लागतं, आणि मग मासा तोंड लावतो ते कळतच नाही.

काढून टाकलेला तंगूस मात्र पाळीवर फेकू नये. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत अजून सारस उतरतो. त्याच्या किंवा बगळ्याच्या पायात हा फास एकदा बसला की उडण्याच्या झटक्याने तो आवळतच जातो. गोळा करून खिशात घालायला काय लागते?

गरीच्या आकड्यांचा घोळ नव्या माणसाला हमखास होतो. 10 नंबरची गरी 6 नंबरपेक्षा लहान. आकडा उतरत 1 पर्यंत येतो, मग 1/0, 2/0 असा मोठेपणाकडे चढायला लागतो. छोट्या माशाला 8 किंवा 10, रोहूला 4 किंवा 2, मरळीला 1/0 च्या पुढे. टोक तपासायला अंगठ्याचं नख: गरी नखावर हलकेच टेकवून सरकवायची. रुतली तर धार आहे, घसरली तर नाही. घसरणारी गरी बारीक कानशीने दोन-तीन बाजूंनी घासली तर कामाला येते. पण वाकाशी गंज चढलेली गरी धार लावून वाचत नाही, ती टाकूनच द्यावी. गरी सरळ होऊन वर आली तर पंचनाम्यात निकाल एकच: तार पातळ किंवा हात जड.

हात जड की हलका हे बांबू सांगतो. इकडे मानवेल आणि कटांग हे दोन बांबू सगळ्यांना माहीत. कटांग जाड, पोकळ, काटेरी. घराला, मांडवाला बरा. गरीला लागतो तो मानवेल, कारण तो बराचसा भरीव असतो आणि शेंड्याकडे लवचिक राहतो. बुरडाकडून घेताना यंदाचा कोवळा कोंब घेऊ नये. हिरवागार, चमकदार, अंगावर पांढरट भुकटी असलेला देखणा दिसतो, पण वाळला की सुरकुततो. दोन-तीन पावसाळे पाहिलेला, जरा निस्तेज, वाजवला तर खणखणणारा निवडायचा. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो आणि कोपऱ्यातून पिवळं पीठ गळायला लागतं. म्हणून हिवाळ्यातला तोड चांगला. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की आतली साखर आणि पिठूळपणा निघून जातो, मग भुंग्याला खायला उरत नाही. वाळवायचा तो सावलीत, उभा टांगून, खालच्या टोकाला वीट बांधून. तरीही कुठे बाक राहिलाच तर निखाऱ्यावर फिरवून, गरम असताना गुडघ्यावर सरळ करायचा आणि ओल्या फडक्याने गार करायचा. दहा ते बारा फूट पुरे. शेवटी जवसाच्या तेलाचा हात.

आणि एक गोष्ट, जी दहा वर्षं गरी टाकणारेसुद्धा करत नाहीत: तंगूस फक्त शेंड्याला बांधायचा नाही. शेंड्याला एक वेढा देऊन तो बांबूच्या अंगावरून दोन-तीन हात खाली आणायचा आणि तिथे पक्का बांधायचा. शेंडा मोडला तरी मासा मोडक्या शेंड्यासह हातात राहतो.

वैनगंगेच्या किंवा गोसेखुर्द धरणाच्या मोठ्या पाण्यावर रील लागते, आणि रील आली की वाद ड्रॅगचा. दोरा किती जोराला सुटू द्यायचा ते ठरवणारी ती चकती. घट्ट आवळून "आता जात नाही कुठं" म्हणणाऱ्याचाच दोरा तुटतो. दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाला ड्रॅग सुटला पाहिजे. मोजायला काटा नको: दोन लिटरची बाटली पाण्याने भरून दोऱ्याला अडकवा आणि रॉडने उचला. सहा किलोच्या दोऱ्याला ती बाटली जमिनीवरून सुटता सुटता ड्रॅगने कुरकुरायला हवं. घरी ठेवताना ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

या पाळींवर एके काळी बंदुकीच्या गप्पाही चालत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या आठवणीपुरत्या उरल्या, आणि बरंच झालं. तितर-सशाच्या गप्पांतला सगळा जोश आता गरीवर उतरला आहे. पण पाणीसुद्धा मोकळं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. जुन्या काळी त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले, नवेगाव बांध त्यांतलाच. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. आज बहुतेकांत मच्छीमार संस्थांनी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडलेली असतात, ती ढिवरांची वर्षभराची मेहनत आहे. पाळीवर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारायचं. "हो" म्हणतात, किती आणि कुठे तेही सांगतात. शिंगाड्याच्या वेलीत गरी टाकली तर मात्र कोणी "हो" म्हणणार नाही. ताडोबा-नागझिऱ्याच्या हद्दीतल्या पाण्याचा तर प्रश्नच नाही.

चारा हा पाळीवरचा सगळ्यात गुपित विषय, आणि गुपितात फारसं काही नसतं. दोन मुठी कणीक, एक मूठ भुईमुगाची किंवा जवसाची ढेप (पेंड), तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून कुटलेली, चिमूटभर हिंग. पाणी थेंबाथेंबाने. गोळा पाण्यात दहाएक मिनिटं टिकला पाहिजे: लगेच विरघळला तर गरी रिकामी, दगड झाला तर गरीचं टोक त्यातून बाहेर येत नाही. टिकावासाठी वऱ्हाडात पैशाविना मिळणारी वस्तू आहे, कापूस. चिमूटभर सुटा, पिंजलेला कापूस मळताना घातला की गोळा धाग्यांनी धरून राहतो. मळणाऱ्याच्या हाताला मात्र खर्रा घोटल्याचा वास नको. माशाला तंबाखू आवडत नाही यावर पाळीवर सगळ्यांचं एकमत आहे आणि त्यानंतर सगळे मिळून खर्रा खातात. मोहाच्या बियांची ढेप चुकूनही वापरू नये. तिच्यातलं सॅपोनिन माशाला मारतं. बोटुकली सोडण्याआधी तलावातले नको असलेले मासे काढायला मत्स्यशेतीत तीच ढेप हेक्टरी अडीच हजार किलोच्या हिशेबाने टाकतात.

गांडुळं शेणखताच्या खड्ड्याशेजारी मिळतात. भोकं पाडलेल्या डब्यात ओली माती, वर ओलं बारदान, डबा सावलीत. इतकंच.

मरळीची गोष्ट वेगळी. ती हवेसाठी वर येते, बेशरमीच्या झुडपाच्या मुळांत नाहीतर कमळपानांखाली दबा धरते, आणि रबरी बेडूक पानावरून फुदकत गेला की झडप घालते. तिला दोन क्षण गिळू द्यायचं, मग झटका. लगेच ओढणाऱ्याच्या हाती रबरच येतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर मात्र गरी उचलून घ्यायची. खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना काढलं तर घोळका दोन दिवसांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. शिंगी लागली तर हात सांभाळा. तिच्या बाजूच्या काट्यात विष असतं. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका उतरतो. शिसं दातांनी चावून बसवणाऱ्यांना काय सांगावं? पक्कड दहा मिनिटांच्या अंतरावर घरात असते, आणि विष तोंडात.

राहिला शेवटचा, सगळ्यात अवघड पंचनामा. तंगूस शाबूत, गाठ शाबूत, गरीला धार, आणि गोळा तेवढा गायब. कोणावर ठपका ठेवायला जागाच नाही. अशा वेळी तरंगीकडे पाहावं. मोराच्या पिसाच्या देठाची असो की जुन्या स्लिपरच्या तुकड्याची, शिसं इतकं लावलेलं हवं की फक्त टोक पाण्यावर दिसेल. निम्मी तरंगी बाहेर असेल तर मासा ओढतो ते तुम्हाला दिसेपर्यंत त्याचं जेवण झालेलं असतं. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. मृगळ गोळा उचलतो तेव्हा तरंगी बुडत नाही, आडवी होते. बुडण्याची वाट पाहणारा तिथे बसूनच राहतो. आणि रात्रभर आभाळ असलेल्या उन्हाळी पहाटे मासे वर येऊन तोंडं वासत असतील तर तो भुकेचा नव्हे, श्वासाचा प्रश्न आहे. पाण्यात प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. ऊन वर येईपर्यंत गोळा डब्यातच ठेवावा.

हे सगळं तपासूनही गोळा जातच असेल तर ते झिंग्यांचं नाहीतर बारक्या पोरांचं, म्हणजे माशांच्या पोरांचं, काम. तिथे उकडलेला मक्याचा दाणा लावावा. तो त्यांच्या तोंडात मावत नाही.