मॉनिटर असताना श्वास का मोजायचा?

"मॅडम, मॉनिटरवर आकडा दिसतोच आहे, मग घड्याळ धरून मिनिटभर श्वास कशाला मोजायचा?" क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की प्रत्येक बॅचमधून हा प्रश्न येतो. नर्सिंगच्या डिप्लोमाच्या म्हणजे जीएनएमच्या मुली विचारतात, बी.एस्सी. नर्सिंगची मुलं विचारतात, कधी नुकतीच नोकरीला लागलेली सिस्टरही विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी कुठल्याही जनरल वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता, उघडा. तापाचे आकडे वेगवेगळे, नाडीचे वेगवेगळे. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत 20, 20, 18, 20. न्यूमोनियाचा पेशंट 20, हर्नियाचं ऑपरेशन झालेला 20, डिस्चार्जची वाट बघत बसलेला तोही 20. सगळा वॉर्ड एका लयीत श्वास घेत नसतो. हा रकाना न मोजता भरतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पेशंट बिघडू लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. रक्तस्राव असो, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असो, साखर वाढून रक्तात आम्ल साठलेलं असो, शरीर पहिला प्रयत्न करतं तो जास्त श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचा. बीपी मात्र शरीर शेवटपर्यंत धरून ठेवतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोरात धावतं. तरुण बाळंतिणीचं कितीतरी रक्त गेलेलं असतं आणि बीपी अजून ठीकच दिसतं. तिथे नाडी आणि श्वास खरं सांगत असतात. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली आणलेल्या आणि 2017 साली सुधारलेल्या 'न्यूज' या, पेशंट बिघडतोय का ते गुणांवरून ओळखायच्या पद्धतीत (गुण जास्त तितका धोका जास्त) मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असेल तर शून्य गुण, 21 ते 24 ला दोन, 25 किंवा जास्त असेल तर तीन. 8 किंवा त्याहून कमी असेल तरी तीनच. श्वासाचे एकट्याचे तीन गुण झाले तरी डॉक्टरांना तातडीने बोलवावं लागतं.

आता 'पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर?' याचं उत्तर. पाच श्वास मोजले तर 20, सहा मोजले तर 24. एका श्वासाची चूक आणि शून्य गुणांचा पेशंट दोन गुणांवर, किंवा उलट. शिवाय श्वास अनियमित असेल तर पंधरा सेकंदांत ते कळतच नाही. नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. तिथे पूर्ण मिनिटाला पर्याय नाही.

मॉनिटरचं म्हणाल तर तो श्वासाचा आकडा बहुधा ईसीजीच्या चिकटपट्ट्यांवरून, छातीच्या हालचालीने विजेच्या रोधात होणाऱ्या फरकावरून काढतो. पेशंट खोकला, कुशीवर वळला, पट्टी सुटली की आकडा भरकटतो. आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, श्वास सांगत नाही. ऑपरेशननंतर मॉर्फिन (श्वास मंदावणारं जोरदार वेदनाशामक) दिलेला, ऑक्सिजनचा मास्क लावलेला पेशंट मिनिटाला 8 श्वास घेत असतो आणि स्क्रीनवर 98 झळकत असतं, कारण ऑक्सिजन वरून मिळतोय. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पेशंट गुंगत जातो. 'छान झोपलेत' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा पलंगाजवळ जाऊन छातीकडे बघा.

मोजायचं कसं? पेशंटला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. मनगट धरून नाडी मोजा, हात तसाच ठेवा आणि नजर छातीवर न्या. पांघरूण किंवा पदर आड येत असेल तर पेशंटचाच हात त्याच्या छातीवर ठेवून मनगट धरा. छाती वर आली, खाली गेली, की एक. लहान मूल आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून मोजा. रडताना किंवा दूध पिताना नाही. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांखाली 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. आईला विचारताना तिच्या भाषेत विचारा, "पोट उडतंय का बाळाचं?" ती बरोबर सांगते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने फार न शिकलेल्या बायकांना हेच मोजता यावं म्हणून मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यांनी खेड्यातल्या घरांत बसून न्यूमोनिया ओळखला. हातात सेकंदकाट्याचं घड्याळ असताना आपण 20 लिहून पुढे जाणं मला पटत नाही.

त्या मिनिटात नुसता आकडा मिळत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिनिटभर उभं राहिलात की बाकीचंही दिसतं: बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, बोलताना वाक्य तुटतंय. साखरेच्या पेशंटचा खोल, संथ न होणारा श्वास आणि तोंडाला येणारा गोडसर वास. पावसाळ्यात शेतघरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने येतो, पापण्या मिटत असतात. मण्यार हा विषारी साप चावलेला असू शकतो, आणि त्याचा दंश बहुतेक दिसत नाही. त्याला एका श्वासात आकडे म्हणायला लावा आणि कुठवर पोचला ते वेळेसकट लिहा. पुढच्या वेळी तो आधीच थांबला तर श्वासाचे स्नायू दमत चाललेत.

एका सिस्टरकडे पन्नास पेशंट असताना प्रत्येकाला मिनिट कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न रास्त आहे, आणि माणसं वाढवल्याशिवाय त्याचं पूर्ण उत्तर मिळणार नाही. तोवर निवड करा. आज ऑपरेशन झालेले, नुकत्याच बाळंत झालेल्या, ऑक्सिजनवर असलेले, मॉर्फिन दिलेले, तापाने फणफणलेले, पाच वर्षांखालची मुलं, आणि ज्याच्या बायकोने "सिस्टर, हे आज वेगळेच वाटतायत" म्हटलंय तो. यांचा श्वास प्रत्येक फेरीला पूर्ण मिनिट मोजायचा. ज्याचा मोजला नाही त्याचा रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना बघून पुढची सिस्टर निदान मोजेल. आणि फरक दिसला तर डॉक्टरांना "दम लागतोय" एवढंच सांगू नका. "सात नंबरचा श्वास सकाळी आठला 18 होता, आत्ता 26 आहे, मी पूर्ण मिनिट मोजलाय" असं सांगा आणि केस पेपरवर वेळ टाकून लिहा.