परमिटं दोन, जागा एकच

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की सांगली-साताऱ्याकडे ओव्हरहॉलिंगची घाई सुरू होते. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटवायचा असतो आणि मधले महिने पावसात जातात. त्यामुळे मिलचे फिटर, वेल्डर, टाक्यांचे पेंटर, रिवाइंडिंगवाले सगळे एकदम आत असतात. प्रत्येकाकडे परमिट (त्या कामाची लेखी परवानगी) असतं, बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. घोळ होतो तो दोन बरोबर परमिटांच्या मध्ये.

समजा, रसाच्या टाकीत आतून इपॉक्सी रंग मारायचाय. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ब्लोअर चालू, मॅनहोलपाशी माणूस, २४ व्होल्टचा दिवा. (२४ व्होल्ट शॉकपासून वाचवतो, थिनरच्या वाफेपासून नाही. दिवा फ्लेमप्रूफच हवा.) त्याच टाकीच्या वर, सात मीटरवर, प्लॅटफॉर्मची जाळी गॅसनं कापतायत. सिलिंडर उभे बांधलेले, फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारा) लावलेला, एक्स्टिंग्विशर शेजारी. दोन्हीकडे बोट ठेवायला जागा नाही. पण ब्लोअर वाफ जिथं बाहेर फेकतो तिथंच वरून तापलेला स्लॅग (कापताना वितळलेलं लोखंड) पडतो. टाकी हवेशीर ठेवायची म्हणून धोका बाहेर आणून ठेवला, असं होतं ते. शिवाय सकाळी आठचं गॅस मीटरचं रीडिंग रंगाचा डबा उघडायच्या आधीचं. रंग चालू असताना मीटर आतच लावून ठेवायचा आणि एलईएलच्या (हवेत वाफ पेटू शकेल अशा किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांना माणसं बाहेर काढायची.

कटिंगभोवती ११ मीटर मोकळे ठेवायचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो जमिनीवर मोजतात. उंचावरची ठिणगी त्यापलीकडे जाते, त्यात वळवाचं वारं सुटलं तर विचारूच नका. ओली पोती मे महिन्यात बघता बघता वाळतात, म्हणून फायर ब्लँकेट घ्या. काम संपल्यावर तासभर पहारा हवा. जवळ बगॅस (उसाचा चोथा) असेल तर तासही पुरत नाही, तो आतल्या आत धुमसत राहतो.

डिस्टिलरी लागून असेल तर इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटते तो) साधारण १३ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे तो वर्षभर पेटायला तयार. वाफ हवेपेक्षा जड, केबल ट्रेंच आणि गटारातून लांब जाते. हवेत ३.३ टक्के झाली की एक ठिणगी पुरते.

म्हणून परमिटं ठेकेदारवार फायलीत लावू नका, प्लँटच्या नकाशावर लावा. संध्याकाळी पाच वाजता पंधरा-वीस मिनिटं सगळे सुपरवायझर उभे करा. उद्या कुठं काम, त्याच्या वर कोण, खाली कोण, वारा कुठं, गटार कुठं जातंय? दोन कामांची धोक्याची वर्तुळं एकमेकांत शिरली की एक काम पुढं ढकलायचं. जादा हेल्मेट-हातमोजे देऊन ते मिटत नाही. आणि दोन्ही परमिटांवर एकमेकांचे नंबर लिहायचे.

नंबर का, तर उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला १६७ माणसं गेली. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. त्याचं परमिट वेगळं आणि पंपाचं वेगळं. रात्रपाळीनं पंप चालू केला तेव्हा व्हॉल्व्हचं परमिट त्यांच्यासमोर नव्हतं.

आपल्याकडे हाच प्रकार मोटारीच्या रोटेशनला, म्हणजे ती कुठल्या दिशेनं फिरते ते बघताना, होतो. रिवाइंड होऊन आलेली मोटार 'फक्त एक झटका देऊन बघतो' म्हणतात, तेव्हा कॅरिअरमध्ये (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यात) फिटर बसलेला असतो. आधी कपलिंग सोडवा. ब्रेकरला हॅस्प (एकाहून जास्त कुलुपं बसणारी कडी) लावून दोघांची दोन कुलुपं घाला, किल्ली ज्याची त्याच्याच खिशात. चहाला गेला म्हणून दुसऱ्यानं कुलूप काढायचं नाही, चहा संपेपर्यंत मोटार थांबते.